दगडाच्या कपच्यांत दडलेला श्रमाचा इतिहास

४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून हा पोलाद कारखाना उभा राहिला होता. छत्तीसगडच्या उद्योगाचा इतिहास सांगताना बहुधा याच दिवसापासून प्रारंभ केला जातो. त्याआधी तेथे केवळ भातशेती आणि जंगल होते, जणू काही घडविणारा हातच त्या भूमीवर नव्हता, अशी समजूत त्यामुळे नकळत रूढ होते. वस्तुतः ज्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून भिलाईला लोहखनिज मिळाले, त्या डोंगरांची नोंद भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली होती. आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातील अगरिया लोक तर मातीच्या लहानशा भट्ट्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळत आले होते. उद्योगाच्या इतिहासाचा प्रारंभ उद्घाटनाच्या कोनशिलेपासून करण्याची ही रीत श्रमाला इतिहासाबाहेर ठेवणारी आहे.

हा प्रश्न केवळ अगरियांपाशी थांबत नाही. झोतभट्टीत लोहखनिजाबरोबर कोक आणि चुनखडक टाकावा लागतो; खनिजातील अशुद्ध द्रव्ये चुन्याशी संयोग पावून मळीच्या रूपाने वेगळी होतात. भिलाईला हा चुनखडक दुर्ग जिल्ह्यातील नंदिनीच्या खाणींतून पुरविला गेला. माणसाच्या उत्पादनात चुनखडकाचा हा काही पहिला उपयोग नव्हे. लोखंड तर सोडाच, पण शेती, मडके आणि घर यांपैकी कशाचाही मागमूस नव्हता, अशा काळी दक्षिणेत कृष्णेच्या खोऱ्यात चुनखडकाच्या लाद्या फोडून हत्यारे घडविणारे हात होते. त्यांच्या कामाची जागा आजही दाखविता येते. कर्नाटकातील इसामपूर हे ते ठिकाण होय. अशा जागांकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहतो, यावरून त्या समाजाची श्रमाकडे पाहण्याची दृष्टीही कळून येते.

इसामपूरची कर्मशाळा

इसामपूर हे आजच्या यादगीर जिल्ह्यातील, हुणसगीच्या खोऱ्यातील गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. के. पद्दय्या यांनी १९७० च्या दशकापासून हे खोरे पायी पालथे घातले. पाटबंधाऱ्याच्या कामासाठी वरचा काळ्या मातीचा थर खरवडला गेला, तेव्हा त्याखालचे हे स्थळ उघडे पडले. १९९७ ते २००१ या काळात पद्दय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले आणि पंधरा हजारांहून अधिक दगडी वस्तू त्यातून हाती आल्या.

त्या वस्तूंचे स्वरूप अत्यंत बोलके आहे. फोडण्यासाठी निवडलेल्या चुनखडकाच्या लाद्या, त्यांवर आघात करण्यासाठी वापरलेले इतर जातींच्या कठीण दगडांचे हातोडे, लादीतून निघालेले मोठे छिलके, त्या छिलक्यांना आकार देताना उडालेल्या बारीक कपच्या, अर्धवट सोडलेली हत्यारे आणि पूर्ण झालेल्या हातकुऱ्हाडी असे कामाचे सर्व टप्पे तेथे एकत्र आढळले. कच्चा माल पायाखाली होता, हत्यारे तेथल्या तेथेच घडत होती आणि निरुपयोगी भाग तेथेच पडत होता. खाण आणि कर्मशाळा एकाच जागी असलेले असे ठिकाण इतक्या सुस्थितीत सापडणे जगातही दुर्मीळ आहे. तेथे मिळालेल्या प्राण्यांच्या दातांवर इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स या पद्धतीने केलेल्या मापनावरून या स्थळाचा काळ सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला. या पद्धतीला मर्यादा आहेत आणि अशा आकड्यांत काही लाख वर्षांची तफावत संभवते. तथापि तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथे वेगळ्या पद्धतींनी मिळालेले, २०११ साली प्रसिद्ध झालेले मापनही दहा लाख वर्षांच्या पलीकडे जाते. त्यामुळे दक्षिण भारतातील हत्यारनिर्मितीची ही प्राचीनता सहज बाजूला सारता येण्याजोगी नाही.

येथे 'कर्मशाळा' हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. दगड फोडणे हे काही अंदाधुंद काम नव्हे. आघात कोणत्या कोनातून करावा, किती जोराने करावा, कोणत्या कडेवर करावा, हे ठाऊक नसेल तर लादीचे केवळ तुकडे होतात. हातकुऱ्हाड घडविणाऱ्याला पुढचे पाच-दहा आघात आधीच डोळ्यांसमोर आणावे लागतात. आजही पाथरवट किंवा वडार समाजातील जाणता माणूस दगडावर सुतकी घालण्यापूर्वी त्याची नस पाहतो आणि ठोकून त्याचा आवाज ऐकतो. ही विद्या ग्रंथांत नसते. ती जाणत्याच्या शेजारी बसून, पाहून आणि चुकून शिकावी लागते. एकाच घाटणीचे हत्यार हजारो पिढ्या घडत राहिले, याचा अर्थ ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात सोपविली जात होती. माणसाच्या शिक्षणाचा प्रारंभ शोधायचा तर तो अशा कपच्यांच्या ढिगाऱ्यांपाशी शोधावा लागेल.

प्रवरेच्या काठी

महाराष्ट्रालाही अशा स्थळाचे दान लाभले आहे. प्रवरेच्या काठचे नेवासे मराठी मनाला ज्ञानेश्वरीमुळे परिचित आहे. त्याच नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननाने अश्मयुगापासूनच्या वस्तीचा क्रम उजेडात आणला. पुढे १९६६ ते १९६९ या काळात जर्मन संशोधिका डॉ. गुद्रुन कॉर्विनस यांनी नेवाशाजवळ चिरकी नाल्याच्या परिसरात उत्खनन केले. तेथे गोट्यांच्या थरावर, जेथे घडविली वा टाकली गेली तेथेच, बेसॉल्ट आणि डोलेराइट या काळ्या खडकांची हत्यारे त्यांना सापडली. हातकुऱ्हाडी होत्या, रुंद धारेची क्लीव्हर नावाची हत्यारे होती, गाभे होते आणि छिलकेही होते. नेवाशाच्या थरांतील चुनकंकरावर युरेनियम-थोरियम पद्धतीने केलेल्या मापनावरून त्यांचा काळ साडेतीन लाख वर्षांपेक्षा मागे जातो.

या संशोधनाचा सविस्तर अहवाल १९८१ व १९८३ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला, तो जर्मनीत आणि इंग्रजी भाषेत. संशोधिकेच्या परिश्रमांना यामुळे कोणताही उणेपणा येत नाही. परंतु ज्या तालुक्याच्या भूमीतून ही सामग्री निघाली, तेथील ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला, शेतकऱ्याला आणि शाळामास्तरांना ती आपल्या भाषेत वाचावयास मिळावी, याची जबाबदारी कोणाची? नेवाशाला येणाऱ्या यात्रेकरूला ज्ञानेश्वरांचा खांब दाखविला जातो, आणि ते योग्यच आहे. त्याच नदीच्या काठी लक्षावधी वर्षांपूर्वी माणसांच्या हातांनी काय घडविले, हे सांगणारी व्यवस्था मात्र शासनाने कधी मनावर घेतलेली नाही.

टाकाऊ कपच्यांचे मोल

३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाला मद्रासजवळील पल्लावरम येथे एक दगडी हत्यार सापडले आणि भारतीय अश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. त्यानंतर दीर्घकाळ संग्राहकांची दृष्टी सुबक हत्यारांवरच खिळलेली होती. रेखीव हातकुऱ्हाड उचलून संग्रहालयात ठेवावी आणि बाजूच्या ओबडधोबड कपच्या तेथेच सोडून द्याव्यात, अशी ती रीत होती. वस्तू महत्त्वाची ठरली आणि ती घडविण्याची क्रिया नगण्य ठरली. राजवाड्याचे वर्णन करताना गवंड्यांना विसरणारा इतिहास आणि ही रीत एकाच मुशीतून निघालेल्या आहेत.

चिरकी, इसामपूर यांसारख्या उत्खननांनी ही दृष्टी पालटली. हत्यार कोठे पडले होते, त्याच्या शेजारी कोणत्या कपच्या होत्या, कोणता छिलका कोणत्या गाभ्यातून निघाला, याची बारकाईने नोंद होऊ लागली. ज्याला कालपर्यंत कचरा म्हटले जात होते, त्यानेच कामाचा क्रम सांगितला. पूर्ण झालेले हत्यार घेऊन त्याचा कर्ता निघून जाई. मागे उरलेला चुरा मात्र त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल जपून ठेवी. इसामपूरच्या अभ्यासकांनी स्वतः दगड फोडून ही क्रिया पुन्हा करून पाहिली. विद्वानाने हातात हातोडा घ्यावा आणि श्रम हे ज्ञानाचे साधन मानावे, ही गोष्ट आपल्या जातिबद्ध समाजात लहान समजू नये. पुण्याच्या परिसरातील टेकड्या आणि जुन्या वाटा पायाखाली घालून सूक्ष्मास्त्रे वेचणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हाच मार्ग दाखविला होता. गणिताच्या या प्राध्यापकाने ग्रामदेवतांची ठाणी आणि दगडी कपच्यांचे ढीग यांचा संबंध शोधला, तो पायी फिरून आणि गुराख्यांशी बोलून.

फ्रीडरिक एंगल्स याने १८७६ साली लिहिलेल्या, माकडापासून मानवापर्यंतच्या संक्रमणात श्रमाने बजावलेल्या भूमिकेविषयीच्या निबंधात श्रमाने माणूस घडविला असे प्रतिपादन केले. त्या वेळी त्याच्यापुढे आजच्या पुराव्याचा अंशही नव्हता. केनियातील लोमेक्वी येथे सापडलेली आणि २०१५ साली जाहीर झालेली दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. 'होमो' या मानववंशाच्या आजवर ज्ञात असलेल्या कोणत्याही अवशेषापेक्षा ती जुनी आहेत. चिंपांझीही काटक्यांचा आणि दगडांचा साधन म्हणून उपयोग करतात, हे १९६० पासूनच्या निरीक्षणांनी सिद्ध झाले आहे. म्हणजे हत्यार आणि माणूस यांच्यामध्ये एंगल्सच्या काळी कल्पिली होती तशी ठळक रेषा राहिलेली नाही. परंतु हात, हत्यार आणि मेंदू यांनी परस्परांना घडविले, हे त्याचे मूळ सूत्र या शोधांनी अधिकच बळकट केले आहे.

येथे एका मोहापासून सावध राहणे अवश्य आहे. कपच्यांच्या ढिगाऱ्यावरून त्या काळची संपूर्ण समाजरचना वाचून दाखविता येत नाही. इसामपूरच्या माणसांत कोण कोणाला काय देत असे, शिकारीचे वाटप कसे होत असे, हे दगड सांगत नाहीत. आणि आधी ठरविलेला सिद्धान्त त्यांच्या तोंडी घालणे ही शास्त्राशी प्रतारणा होईल. दगड सांगतात ते एवढेच की, उत्पादनाचे साधन तेथे कोणाच्याही हाताच्या अंतरावर होते. लादी जमिनीवर पडलेली होती, हातोडा उचलून आणता येत होता, आणि विद्या शेजाऱ्याकडून शिकता येत होती. एवढा निष्कर्षही पुरेसा अर्थपूर्ण आहे.

वारसा कोणाचा?

प्राचीनतेचे आकडे पाहून ज्यांना अभिमानाचे भरते येते, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही हत्यारे घडविणारे लोक आजच्या कोणत्याही भाषेचे, धर्माचे वा जातीचे नव्हते. किंबहुना ते आधुनिक मानवही नव्हते. १९८२ साली भूगर्भशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा येथे कवटीचा जो अवशेष मिळाला, तो अशा प्राचीन मानवाचा भारतातील दुर्मीळ पुरावा होय. 'आमचे पूर्वज जगात सर्वांत प्राचीन' अशी आरोळी ठोकून अश्मयुगाला आजच्या राजकारणाच्या दावणीला बांधू पाहणाऱ्यांची या पुराव्यापुढे पंचाईत होते. हातकुऱ्हाड आफ्रिकेत आढळते, युरोपात आढळते आणि प्रवरेच्या काठीही आढळते. अखिल मानवजातीच्या श्रमाचा समान वारसा म्हणूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे.

खडी, खाण आणि कायदा

या वारशाचे आज काय होत आहे? ज्या कारणांसाठी प्राचीन माणसाने एखादी जागा निवडली, त्याच कारणांसाठी आजचा ठेकेदारही ती निवडतो. चांगला दगड जेथे उघडा पडलेला असतो, तेथे खडीचा क्रशर उभा राहतो. नदीच्या जुन्या थरांत जेथे हत्यारे दडलेली असतात, तेथे वाळूचा उपसा सुरू होतो. इसामपूरचे स्थळ माती काढल्यामुळे उघडे पडले आणि जाणकाराच्या दृष्टीस आले, हा योगायोग होता. प्रत्येक ठिकाणी जाणकार हजर नसतो, आणि यंत्राचा फाळ एका दिवसात लाखो वर्षांचा थर उलटून टाकतो.

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा १९५८ चा कायदा अस्तित्वात आहे. २०१० साली त्यात झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित पट्टाही ठरवून दिला आहे. परंतु हे संरक्षण घोषित झालेल्या स्थळांनाच मिळते. केंद्राच्या संरक्षणाखालील सुमारे ३,७०० स्मारकांत मंदिरे, मशिदी, किल्ले, लेणी आणि थडगी यांचाच भरणा आहे. भीमबेटकासारखे अपवाद असले, तरी ज्याला भिंत नाही, कळस नाही आणि शिलालेख नाही, असे कपच्यांनी भरलेले माळरान अधिकाऱ्यांच्या नजरेत पडीक जमीनच ठरते. राजांनी बांधलेल्या गोष्टी स्मारक ठरतात आणि अनाम हातांनी केलेले काम मातीमोल ठरते, हा कायद्याच्या अंमलबजावणीतील वर्गीय पक्षपात आहे.

त्याच माळावर आज दगड फोडणाऱ्या मजुराची स्थिती याहून निराळी नाही. अकीक, क्वार्टझाइट, वाळूचा दगड यांच्या धुळीत काम करणाऱ्यांची फुप्फुसे सिलिकोसिसने निकामी होतात. खंबायतच्या अकीक कारागिरांत या रोगाने घरेच्या घरे उद्ध्वस्त केली आहेत. हा रोग कायद्याने नोंदणीयोग्य ठरविलेला असूनही ठेक्याच्या मजुराची नोंदच मुळी कोणत्या पटावर नसते, तेथे त्याच्या रोगाची नोंद कोण करणार? प्राचीन दगडफोड्याची कर्मशाळा आणि आजच्या दगडफोड्याचा देह या दोहोंचा चुराडा करणारी नफेखोरी एकच आहे. म्हणूनच पुरातन वारशाच्या रक्षणाचा प्रश्न श्रमिकांच्या प्रश्नाविरुद्ध उभा करण्याचा डाव ओळखला पाहिजे.

नागार्जुनकोंड्याचा धडा

'पोटाला भाकरी नाही तेथे कपच्यांचे कौतुक कशाला?' असा आक्षेप घेतला जाईल. विकासाची कामे थांबवून माळराने राखत बसावे काय, असेही विचारले जाईल. या आक्षेपांना याच देशाने सत्तर वर्षांपूर्वी कृतीने उत्तर दिलेले आहे. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी डिसेंबर १९५५ मध्ये झाली. धरणात नागार्जुनकोंड्याचे खोरे बुडणार हे स्पष्ट होताच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९५४ ते १९६० या काळात तेथे व्यापक उत्खनन केले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे पुरावे नोंदविण्यात आले आणि काही महत्त्वाचे अवशेष उचलून उंचावर नेण्यात आले. धरणही झाले आणि संशोधनही झाले. भिलाईचा करार त्याच दशकातील आहे. सार्वजनिक क्षेत्र उभे करताना देश गरीब होता, तरीही त्याला ही दृष्टी होती. आज यंत्रे अधिक आहेत, पैसा अधिक आहे. उणीव आहे ती सार्वजनिक जबाबदारीच्या जाणिवेची.

दल्ली-राजहराचे साठे उतरणीला लागल्यावर अलीकडच्या वर्षांत रावघाटच्या डोंगरांतून भिलाईला खनिज येऊ लागले आहे. छत्तीसगडच्या भूमीला प्राचीन माणसाचा स्पर्श झालेला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. रायगड जिल्ह्यातील सिंघनपूरच्या शैलाश्रयांतील चित्रे १९१० सालीच अँडरसन या रेल्वे अभियंत्याच्या दृष्टीस पडली होती, आणि त्याच जिल्ह्यातील कबरा पहाडाची चित्रेही प्रसिद्ध आहेत. अशा भूमीत डोंगर फोडण्यापूर्वी तो नीट पाहिला पाहिजे, ही मागणी अवास्तव नाही.

त्यासाठी काही गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. खाण, क्रशर, कालवा वा रस्ता यांचे काम सुरू होण्यापूर्वी त्या जागेची पुरातत्त्वीय पाहणी बंधनकारक असावी आणि ती ठेकेदाराने नेमलेल्या माणसाकडून न होता विद्यापीठे व सरकारी खात्यांकडून व्हावी. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपली परंपरा व सामूहिक संपत्ती राखण्याचा अधिकार दिला आहे. या पाहणीत ग्रामसभेला स्थान असावे, कारण डोंगरातील कोणता दगड कोठला, हे तेथील आदिवासींइतके कोणालाच ठाऊक नसते. उत्खननात टोपली वाहणाऱ्या आणि माती चाळणाऱ्या स्त्री-पुरुष मजुरांना पुरेशी मजुरी मिळावी आणि अहवालात त्यांची नावे यावीत. बारीक कपची प्रथम त्यांच्याच बोटांना लागते. आणि प्रत्येक अहवालाचा सारांश त्या परिसराच्या भाषेत शाळांपर्यंत पोहोचावा.

हे सर्व वरून होईल म्हणून वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे करून दाखविले. ज्यांनी आपले रुग्णालय उभारले, ते आपल्या श्रमाच्या इतिहासाचे संग्रहालयही उभारू शकतात. त्यात अगरियांची मातीची भट्टी असावी, हाताने खनिज फोडणाऱ्यांची घण-पहार असावी, भिलाईच्या पहिल्या भट्टीवरील कामगारांची छायाचित्रे असावीत, आणि या सर्वांच्या आरंभी चुनखडकाची एक हातकुऱ्हाड, तिच्याभोवती उडालेल्या कपच्यांसह, मांडलेली असावी. कामगार संघटनांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी हा प्रश्न आपल्या मागण्यांच्या यादीत घेतला पाहिजे. रावघाटच्या डोंगरात सुरुंगाचे काम रोज चालू आहे.